दीक्षित असो वा दिवेकर, उतरलेलं वजन परत का चढतं?

‘दीक्षित की दिवेकर?’ २०१८-१९ च्या सुमारास हा प्रश्न महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक फॅमिली ग्रुपवर येऊन गेला. तुमच्याही आला असेल. एका बाजूला लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित. त्यांचं सांगणं सोपं होतं. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, त्याच दोन वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि रोज ४५ मिनिटं चाला. मुळात ही कल्पना नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून आली. जिचकार २००४ मध्ये अपघातात गेले आणि दीक्षितांनी ती गावोगावच्या व्याख्यानांतून घरोघरी पोचवली. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. त्यांचं म्हणणं जवळजवळ उलटं होतं. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी खा, आपल्या मातीतलं खा, तुपाला घाबरू नका.

मराठवाड्यात दीक्षितांचं पारडं जड होतं. लातूर आपलं, डॉक्टर आपले, भाषा आपली आणि खर्च शून्य. मुरुम, उमरगा, नळदुर्ग या पट्ट्यात आजही ‘मी दोन वेळाच जेवतो’ असं सांगणारा कुणी ना कुणी भेटतो. पण आणखी एक वाक्यही तितकंच ऐकू येतं. ‘मी पण केलं होतं. दहा किलो उतरलं होतं.’ या ‘होतं’बद्दल फारसं कुणी बोलत नाही. वजन कसं उतरवायचं यावर हजारो व्हिडिओ आहेत. उतरलेलं वजन तिसऱ्या वर्षी कुठे असतं, यावर शोधून पाहा.

वाद चुकीच्या जागी रंगला

कुठली पद्धत चांगली, याचं उत्तर संशोधकांनी बऱ्याचदा शोधलंय. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटानं ६०९ जणांचे दोन गट केले. एका गटानं चरबी कमी केली, दुसऱ्यानं पिठूळ-गोड पदार्थ कमी केले. वर्षभरानंतर पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलोनं उतरलं होतं, दुसऱ्याचं ६ किलोनं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन गटांतला फरक नगण्य होता. पण प्रत्येक गटाच्या आत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. काहींचं वजन २५ किलोंहून जास्त उतरलं, तर काहींचं चक्क वाढलं.

म्हणजे पद्धतीपेक्षा ती निभते की नाही, हे महत्त्वाचं. आणि ती निभत नाही याचा दोष आपण लगेच माणसाच्या माथी मारतो. ‘जिभेवर ताबा नाही’, ‘चार दिवसांचा उत्साह’. घरचेच म्हणतात आणि आपणही स्वतःला म्हणतो. शरीराच्या आत काय होतं ते पाहिलं, तर हा आरोप बराचसा अन्यायाचा वाटतो.

शरीराला वाटतं, दुष्काळ पडलाय

मराठवाड्याच्या माणसाला दुष्काळ समजावून सांगायला नको. साठा कमी झाला की घर काय करतं? खर्च आवरतं आणि मिळेल तिथून धान्य आणतं. आपलं शरीर नेमकं हेच करतं. तुम्ही मुद्दाम वजन उतरवलंय की खरंच खायला नाही, हे त्याला कळत नाही.

आधी खर्च. वजन कमी झालं की शरीर चालवायला लागणारी ऊर्जाही कमी होते. स्कूटरला ट्रकएवढं डिझेल लागत नाही, तसंच. पण गोष्ट इथेच थांबत नाही. शरीर त्याहूनही जास्त काटकसर करतं. अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूजर’ नावाचा टीव्ही कार्यक्रम होता. त्यात स्पर्धक ३० आठवड्यांत प्रचंड वजन उतरवायचे. केविन हॉल या संशोधकानं त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यातले सुमारे ४१ किलो परत चढले होते. धक्का देणारी गोष्ट वेगळीच होती. त्यांच्या वजनाच्या मानानं त्यांचं शरीर स्वस्थ बसलेलं असताना जेवढी ऊर्जा खर्च करायला हवी होती, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. तेही सहा वर्षांनंतर! हे टोकाचं उदाहरण आहे, सगळ्यांचं एवढं होत नाही. पण दिशा तीच असते.

आता भूक. आपल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात. ‘कोठारात माल आहे, काळजी नको’ असा त्याचा मेंदूला निरोप असतो. चरबी घटली की निरोप क्षीण होतो. त्याच वेळी पोटातून येणारं घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन वाढतं. ऑस्ट्रेलियात ५० जणांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दहा आठवडे अगदी कमी आहार घेऊन सरासरी साडेतेरा किलो उतरवले. वर्षभरानं पुन्हा रक्त तपासलं, तर भुकेची हार्मोन्स अजून ‘खा, खा’च म्हणत होती. डाएट संपलं होतं, भूक संपली नव्हती.

हॉल यांच्याच गटानं याचा हिशेबही मांडलाय. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्वारीची एक मध्यम भाकरी साधारण २०० कॅलरींची धरा. पाच किलो वजन उतरलं, तर शरीराची गरज अर्ध्या भाकरीपेक्षा थोडी जास्त कमी झाली, पण पोट रोज अडीच भाकऱ्या जादा मागू लागलं. रोज, सकाळ-संध्याकाळ, वर्षभर. पहिले सहा महिने उत्साह असतो, लोक विचारतात ‘काय रे, बारीक झालास!’, कपडे सैल होतात. मग कौतुक थांबतं, भूक मात्र थांबत नाही.

म्हणून वजन उतरवणं आणि ते राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं सहा-आठ महिन्यांचं. दुसऱ्याला शेवटची तारीख नाही. आपल्याकडे पहिल्याचं नियोजन असतं, दुसऱ्याचं नसतंच.

आपल्यासाठी हे जास्त महागात का पडतं?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला. फोटोत ते स्वतः आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बाहेरून दोघं सडपातळ, आतून हिशेब वेगळा. भारतीय माणूस वजनानं कमी असला तरी त्याच्यात स्नायू कमी आणि चरबी, त्यातही पोटाची, जास्त असते. याज्ञिक आणि सहकाऱ्यांना पुणे परिसरातल्या खेड्यांतल्या नवजात बाळांमध्येही हेच दिसलं.

याचा वजन परत चढण्याशी थेट संबंध आहे. भराभर उतरवलेल्या वजनात सगळी चरबी नसते, साधारण पाव हिस्सा स्नायू आणि इतर ऊतींचा असतो. परत चढताना मात्र प्रामुख्यानं चरबी चढते. आधीच स्नायू कमी असलेल्या माणसानं तीनदा दहा किलो उतरवले आणि तीनदा चढवले, तर काट्यावर तो जिथल्या तिथे दिसेल, पण शरीर पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत असेल.

आणि मधुमेह. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाच्या प्रयोगात मधुमेह होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्यांचं वजन नियोजनपूर्वक उतरवलं. वर्षभरानं त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. पण ज्यांनी दोन वर्षांनंतरही किमान दहा किलो घट टिकवली होती, त्यांच्यात ते ६४ टक्के होतं. वजन परत आलं की साखरही परत येते. ‘मधुमेह बरा झाला’ म्हणून पेढे वाटण्याआधी हे लक्षात असू द्या. तपासणी चालूच ठेवायची असते.

ज्यांनी राखलं, त्यांनी काय केलं?

असे लोक आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये अशा लोकांची नोंदवही सुरू केली. अट एकच: किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर राखलेलं असावं. दहा हजारांहून अधिक लोकांची नोंद झाली. त्यांनी सरासरी ३० किलो उतरवून साडेपाच वर्षं राखले होते. वजन उतरवायच्या त्यांच्या पद्धती तऱ्हेतऱ्हेच्या. राखायच्या पद्धती मात्र बऱ्याच सारख्या. दहातले नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, बहुतेक जण नुसतं चालतात. चारातले तीन जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. टीव्ही कमी बघतात. ही मंडळी स्वतःहून नाव नोंदवणारी, म्हणजे मुळातच चिकाटीची, हे विसरून चालणार नाही. पण व्यायामाचा मुद्दा ‘बिगेस्ट लूजर’च्या स्पर्धकांमध्येही दिसला. सहा वर्षांनी ज्यांनी वजन राखलं होतं, त्यांची शारीरिक हालचाल पूर्वीपेक्षा खूपच वाढलेली होती. ज्यांचं परत चढलं, त्यांची फारशी वाढलेली नव्हती.

इथे एक गंमत आहे. वजन उतरवायला व्यायामाचा उपयोग लोकांना वाटतो त्याहून कमी होतो. तासभर चालून जेवढं जळतं, तेवढं दोन वडापावांत सहज भरून निघतं. राखायला मात्र तोच व्यायाम फार कामाचा. आपण नेमकं उलटं करतो. उतरवताना चालतो आणि उतरलं की बंद.

मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटलेला अभ्यास विंग यांचाच आहे, २००६ चा. आधीच वजन उतरवलेले ३१४ जण त्यांनी घेतले. कसं उतरवलं याच्याशी देणंघेणं नाही, फक्त राखायचं कसं हे शिकवायचं. लोकांना रोज वजन करायला सांगितलं आणि सिग्नलसारखे तीन रंग दिले. ठरलेल्या वजनापासून साधारण दीड किलोपर्यंत वर गेलात तर हिरवा, चालू आहे ते चालू द्या. त्याच्या थोडं वर गेलात तर पिवळा, काय बदललंय ते शोधा. २.३ किलो किंवा जास्त वाढलं तर लाल, सुरुवातीला वजन उतरवताना जे केलं होतं ते लगेच पुन्हा सुरू करा. दीड वर्षानं पाहिलं, तर नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ७२ टक्के लोकांचं वजन लाल रेषेपलीकडे गेलं होतं. समोरासमोर भेटून मार्गदर्शन मिळालेल्या गटात ४६ टक्के. रामबाण नाही, पण फरक मोठा आहे.

यातली खुबी अशी, की दोन किलो परत उतरवणं कुणालाही जमतं. दहा परत उतरवताना जीव जातो. आपण काट्यावर उभंच राहत नाही, कारण भीती वाटते. मग एक दिवस लग्नाला घालायचा सदरा पोटावर अडतो आणि कळतं की आठ किलो आले.

वजन रोज करा किंवा आठवड्यातून दोनदा, पण सकाळी, पोट साफ झाल्यावर आणि काही खाण्यापिण्याआधी. एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होणं हे पाण्याचं असतं. आदल्या रात्री खारट खाल्लं, बायकांची पाळी जवळ आली, की काटा हलतो. आकडा पाहून ज्यांना दिवसभर उदास वाटतं किंवा उपाशी राहावंसं वाटतं, त्यांनी मात्र काट्याच्या नादी न लागता कपड्यांवरून किंवा टेपनं अंदाज घ्यावा.

येळवस, संक्रांत आणि लग्नसराई

वजन रोज थोडं थोडं वाढतं असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या एका जुन्या अभ्यासात, तो २००० सालचा, १९५ जणांचं वर्षभर वजन केलं. त्यांच्या सणांच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, वजन सरासरी ३७० ग्रॅमनं वाढलं. एवढंसंच. पण ते पुढे उतरलं नाही. वर्षभराच्या वाढीतला मोठा वाटा या सहा-सात आठवड्यांचाच होता.

आपल्याकडे तो काळ कुठला? धाराशिव-लातूरकडे येळवस येते, मग संक्रांत, हुरड्याचे दिवस आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत लग्नसराई. येळवशीची भज्जी खरं तर उत्तम जेवण आहे. हिरव्या शेंगा, डाळी, पालेभाज्या. सोबत उंडे, आंबील. त्या एका दिवसानं कुणी जाड होत नाही, आणि त्या दिवशी शेतात बसून ‘माझं डाएट आहे’ म्हणणाऱ्याची कीवच येते. अडचण नंतरची आहे. एक दिवस मोडला की ‘आता कशाला, पुढच्या सोमवारपासून’ असं होतं आणि तो सोमवार पाडव्यानंतर येतो. सणाच्या दिवशी मनसोक्त जेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला जा आणि चार दिवसांनी काट्यावर उभे राहा.

चालण्याचंही तसंच. थंडीत सगळे उत्साहात असतात. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, मग पाऊस, मग काढणीची घाई. वर्षातले पाच-सहा महिने चालणं बंद पडायला सबळ कारण असतं. म्हणून घरात करता येईल असं काहीतरी हाताशी हवंच. खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्यानं भरलेल्या कॅनचं वजन उचलणं, जिना. शिवाय यानं स्नायू राखले जातात, जे नुसत्या चालण्यानं फारसं होत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. बायकांना ‘घरात एवढं काम असतं, वेगळा व्यायाम कशाला’ असं ऐकवलं जातं. घरकाम दमवतं, पण स्नायूंना वाढतं वजन देत नाही. दम लागणं आणि ताकद येणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

खाण्यात इकडच्या माणसाला नवीन काही शोधायला नको. ज्वारी आहे, तूर आहे, हरभरा आहे. पण ताटात भाकरीचा ढीग आणि वरण पातळ, असं असतं. स्नायू राखायचे तर प्रमाण थोडं फिरवावं लागेल. एक भाकरी कमी. पिठलं, घट्ट वरण, उसळ, अंडं, ताक यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात. प्रथिनांनी पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. शेंगदाण्याच्या चटणीतही प्रथिनं असतात हे खरं, पण तेल त्याहून जास्त असतं, तेव्हा ती चटणीइतकीच. आणि नवरात्रात तुळजाभवानीचे उपवास धरून साबुदाणा-शेंगदाण्यावर नऊ दिवस काढले, तर वजन वाढू शकतं. त्याचा दोष देवीला देऊ नका.

मग दोन वेळा जेवणं बंद करायचं का?

मुळीच नाही. तुम्हाला ते सहज जमत असेल, भूक छळत नसेल, घरच्या वेळांत बसत असेल, तर आयुष्यभर करा. राखण्याच्या दृष्टीनं साध्या, ठरलेल्या नियमाचा फायदाच असतो, रोज विचार करावा लागत नाही. तीन वेळा जेवून जमत असेल तर तेही चांगलं. कसोटी एकच. ही पद्धत तुम्ही पाच वर्षांनीही करत असाल का? उत्तर ‘वजन उतरेपर्यंत करीन’ असं असेल, तर वजन परत येणारच.

एक सावधगिरी मात्र हवी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना जेवणातलं अंतर अचानक वाढवलं, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गरगरणं ही त्याची लक्षणं. आधी डॉक्टरांशी बोला, वजन उतरेल तसे डोस बदलावे लागतात. गरोदर बायका, वाढती मुलं यांनी हे प्रयोग करू नयेत.

आता इंजेक्शनंही आली आहेत. २०२५ मध्ये मार्चला मौंजारो आणि जूनला वेगोव्ही भारतात विक्रीला आलं. ही औषधं भुकेच्या हार्मोनवरच काम करतात, त्यामुळे परिणाम मोठा असतो. पण वेगोव्हीतलं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं, असं त्याच्याच चाचणीच्या पुढच्या टप्प्यात दिसलं. म्हणजे इथेही तेच. ‘तीन महिन्यांचा कोर्स’ म्हणून कुणी देत असेल, तर ‘चौथ्या महिन्यात काय?’ हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा.

किती राखलं म्हणजे पुरे?

मधुमेह असलेल्या ५,१४५ जणांवर अमेरिकेत ‘लुक अहेड’ हा मोठा अभ्यास झाला. आहार-व्यायामाचं सतत मार्गदर्शन मिळालेल्या गटानं आठव्या वर्षी सरासरी ४.७ टक्के घट राखली होती आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी किमान पाच टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. ऐंशी किलोच्या माणसाचे चार किलो. जाहिरातीत कुणी चार किलोचा फोटो टाकणार नाही. पण साखर, रक्तदाब आणि चरबीचे आकडे एवढ्यानंही सुधारतात. वीस उतरवून वीस चढवण्यापेक्षा चार उतरवून आठ वर्षं चारच राखणं शरीराला कितीतरी सोसवतं.

घरात काटा नसेल तर शिंप्याकडची टेप चालते. उभं राहून, श्वास सहज सोडून, बरगडीचं खालचं टोक आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजायचं, पोट आत ओढायचं नाही. भारतीयांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात, म्हणजे साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. महिन्यातून एकदा मोजा आणि आकडा तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख लिहिता तिथेच.